तीन वेळा पासवर्ड बदलला, तरी सर्व्हर उघडाच कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका छोट्या कंपनीत एकहाती सगळं सांभाळणाऱ्या एका सिस्टम अ‍ॅडमिनने लॅमिंग्टन रोडवरून चार जुने सुपरमायक्रो सर्व्हर घेतले, एक्स-९ पिढीचे बोर्ड असलेले, आणि पुण्यातल्या एका डेटा सेंटरमध्ये ठेवले. काही महिन्यांनी डेटा सेंटरची मेल आली: तुमच्या चारही आयपीएमआय (सर्व्हर लांबून हाताळायची सोय) पत्त्यांवर ४९१५२ आणि ६२३ हे पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरची क्रमांकांची दारं, बाहेरून उघडे आहेत, अ‍ॅडमिनचा पासवर्ड उघड होऊ शकतो. यांनी पासवर्ड बदलला. पंधरा दिवसांनी तीच मेल. पुन्हा बदलला, आणखी लांब ठेवला. पुन्हा मेल. तिसऱ्यांदा बदलला. पुन्हा मेल. आता ते विचारतात, ‘किती अक्षरांचा ठेवू म्हणजे हे थांबेल? आणि लक्षात राहायला चारही मशिनना एकच ठेवला तर चालेल ना?’

लांबीचं उत्तर देते, पण शेवटी. तुमचा पासवर्ड कच्चा आहे म्हणून ही मेल येत नाहीये. तो ज्याच्याकडे सांभाळायला दिलाय तोच येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवतोय, म्हणून येतेय. कुंपणच शेत खातंय. अशा वेळी शेतात काय पेरलंय याने फरक पडत नाही. तुम्ही तीन वेळा पासवर्ड बदललात म्हणजे बघणाऱ्याला तीन पासवर्ड दिलेत. माणूस पासवर्ड कसे बनवतो हे तीन नमुन्यांवरून बऱ्यापैकी कळतं, हे आणखी वाईट.

आधी हे कुठे घडतंय ते बघू. सर्व्हरच्या बोर्डावर मुख्य प्रोसेसरपासून वेगळा एक छोटा संगणक असतो, त्याला बीएमसी म्हणतात. मुंबईकरांनी गैरसमज करून घेऊ नये, ही महापालिका नव्हे. पण त्याच्या मर्जीशिवाय आत काही हलत नाही एवढं साम्य आहे. सर्व्हर बंद असला तरी वायर भिंतीत असेपर्यंत बीएमसी जागा असतो. त्याच्यातून मशीन चालू-बंद करता येतं, स्क्रीन बघता येते, लांबून सीडी लावल्यासारखी इमेज जोडून त्यावरून बूट करता येतं. म्हणजे ज्याच्या हातात बीएमसीचा अ‍ॅडमिन, त्याच्या हातात अख्खं मशीन. तुमच्या लिनक्सचा रूट पासवर्ड कितीही भारी असला तरी समोरचा दुसऱ्या इमेजवरून बूट करतो आणि तो पुसून टाकतो. या बीएमसीशी बोलायची जी भाषा, ती आयपीएमआय.

तुमच्या मेलमधल्या दोन पोर्टांमागे दोन वेगवेगळे रोग आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. इथेच बहुतेकांची गल्लत होते, म्हणून जरा सावकाश सांगते.

४९१५२ चा रोग सोपा आणि लाजिरवाणा आहे. जून २०१४ मध्ये अमेरिकेतल्या कारी.नेट या होस्टिंग कंपनीच्या सुरक्षा पथकातले झॅकरी विकहोम यांनी तो जाहीर केला. सुपरमायक्रोच्या त्या काळच्या बीएमसींमध्ये यूपीएनपीसाठी (नेटवर्कवरची यंत्रं एकमेकांना आपोआप सापडण्याची सोय) एक छोटासा वेब सर्व्हर या पोर्टवर चालायचा. पीएसब्लॉक नावाची एक फाइल त्याच्याकडे मागितली की तो ती द्यायचा. लॉगिन नाही, काही नाही. ब्राउझरमध्ये पत्ता टाका आणि एंटर मारा. ती फाइल एडिटरमध्ये उघडली तर बहुतेक भाग अगम्य चौकोन आणि ठिपके दिसतात, आणि मधेच सरळ वाचता येतं: ‘अ‍ॅडमिन’, थोडी मोकळी जागा, आणि त्यापुढे तुमचा पासवर्ड, जसाच्या तसा. तेव्हा शोदान या शोधयंत्राच्या मदतीने मोजलं तर ३१,९६४ यंत्रांचे पासवर्ड असे वाऱ्यावर सापडले. त्यातल्या ३,२९६ यंत्रांवर तर कारखान्यातून आलेलीच नाव-पासवर्डची जोडी होती.

इथे पासवर्ड सहा अक्षरी असो की वीस, फरक शून्य. इलाज दोनच. एक, कंपनीने दुरुस्त केलेलं फर्मवेअर, म्हणजे बीएमसीच्या आतलं सॉफ्टवेअर, चढवा. दोन, त्या पोर्टपर्यंत परका पोचणार नाही असं करा. विकहोम यांनी तिसरा, तात्पुरता उपायही सांगितला होता: बीएमसीच्या एसएसएच शेलमधून (लांबून आदेश द्यायची खिडकी) आत शिरून ती यूपीएनपीची प्रोसेस मारून टाकायची. चालतं, पण बीएमसी पुन्हा सुरू झाला की प्रोसेस पुन्हा उठते. ज्यांना चालू मशीन बंद करून फर्मवेअर चढवणं शक्य नव्हतं त्यांच्यासाठी ती मलमपट्टी होती. तुम्ही तिच्यावर विसंबू नका.

६२३ चा रोग मात्र खोलवरचा आहे, आणि तो एकट्या सुपरमायक्रोचा नाही. तो आयपीएमआय २.० च्या मानकातच आहे, त्यामुळे डेल, एचपी, आयबीएम, सगळ्यांकडे आलाय. सुरक्षा संशोधक डॅन फार्मर यांनी २०१३ मध्ये तो उजेडात आणला, सुरक्षा-त्रुटींच्या सार्वजनिक यादीत त्याचा नोंद क्रमांक सीव्हीई-२०१३-४७८६. लॉगिन करताना बीएमसी आणि तुम्ही एकमेकांना ओळख पटवता. पण या मानकात ओळख आधी बीएमसी पटवतो. तुम्ही नुसतं वापरकर्त्याचं नाव सांगायचं. ते नाव खरं असेल तर बीएमसी त्या खात्याच्या पासवर्डची किल्ली वापरून काढलेला एक हॅश, म्हणजे पासवर्डचा एक प्रकारचा ठसा, तुमच्या हाती ठेवतो. तुम्ही कोण आहात हे त्याला अजून माहीतही नसतं. तो हॅश घेऊन माणूस घरी जातो आणि निवांत एकेक पासवर्ड लावून बघतो. बीएमसीला त्याचा पत्ताही लागत नाही, चुकीच्या प्रयत्नांवर खातं बंद होण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय हा हॅश काढायला बीएमसीला मूळ पासवर्ड हाताशी लागतो, म्हणून तो परत वाचता येईल अशा रूपातच साठवावा लागतो. पीएसब्लॉकमध्ये पासवर्ड सरळ सापडला त्याचं मूळ इथे आहे.

याला फर्मवेअरचा इलाज नाही, कारण चूक नियमातच आहे. इथे मात्र पासवर्डची लांबी खरोखर उपयोगी पडते. एक हिशेब करून दाखवते. समजा पासवर्ड आठ अक्षरांचा आहे, त्यात फक्त कॅपिटल अक्षरं आणि आकडे; एचपीच्या जुन्या सर्व्हरवर लेबलवर असाच छापून यायचा. शक्यता होतात ३६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २.८ लाख कोटी. ऐकायला डोंगर वाटतो. पण ग्राफिक्स कार्ड सेकंदाला शंभर कोटी तर्क करतंय असं धरलं, आणि ते फार नाही, तर सगळ्या शक्यता पाऊण तासात संपतात. मी स्वतः एकदा आमच्याच मशिनचे हॅश काढून असा प्रयोग लावला होता. माझा पासवर्ड होता आजोळच्या गावाचं नाव उलटं लिहून पुढे तिथे जाणाऱ्या एसटीची वेळ. फार हुशारीचा वाटायचा. डबा खाऊन परत आले तर स्क्रीनवर आजोळ सुलटं होऊन बसलं होतं.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. सर्व्हर तुमचे आहेत की भाड्याचे? तुम्ही विकत घेतलेत म्हणता, तर फर्मवेअर चढवायचा अधिकार तुमचा. भाड्याचे असते तर ते काम डेटा सेंटरकडून करून घ्यावं लागलं असतं. आयपीएमआयला सार्वजनिक पत्ता तुम्ही मागून घेतलात की त्यांनी आपणहून दिला? दुसरं असेल तर नुसती मेल पाठवून त्यांची जबाबदारी संपत नाही. खासगी नेटवर्क मागा, बऱ्याच ठिकाणी मागितल्यावर मिळतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे किती दिवस उघडं होतं? पहिल्या मेलच्या दिवसापासून मोजू नका, ज्या दिवशी मशीन रॅकमध्ये लागलं त्या दिवसापासून मोजा.

माझ्या मते क्रम असा हवा, आणि क्रमच सगळं आहे. आधी पोच बंद करायची, मग फर्मवेअर, मग पासवर्ड. तुम्ही शेवटची पायरी तीनदा चढलात. उलटी चूकही तितकीच घातक असते. राउटर बनवणाऱ्या मायक्रोटिकचं उदाहरण केबल-इंटरनेटच्या धंद्यातल्या लोकांना आठवत असेल. २०१८ मध्ये त्यांच्या विनबॉक्स या राउटर सांभाळायच्या सेवेतल्या भोकातून लॉगिन न करताच वापरकर्त्यांची फाइल वाचता यायची आणि तिच्यातून पासवर्ड काढता यायचे. दुरुस्ती २३ एप्रिलला आली. ज्यांनी ती लावली पण पासवर्ड तोच ठेवला, त्यांच्या राउटरमध्ये चोर नंतर पुढच्या दाराने, रीतसर लॉगिन करून आला. भोक बुजवलं म्हणून बाहेर गेलेला पासवर्ड परत येत नाही.

पोच बंद करण्यातली एक खोच नीट ऐका, कारण मी तिथेच आपटले आहे. तुम्ही लिहिलंय की दोन मशिनची आयपीएमआयची वायर तुम्ही काढून टाकायला सांगितलीत, तरी मेलमध्ये चारही पत्ते आहेत. सुपरमायक्रोच्या बीएमसीत नेटवर्कसाठी तीन पर्याय असतात: फक्त स्वतःचा वेगळा पोर्ट (इथे पोर्ट म्हणजे वायर खुपसायची जागा), सर्व्हरच्या मुख्य लॅन-१ पोर्टात भागीदारी, किंवा फेलओव्हर. मूळ सेटिंग फेलओव्हर असतं. वीज आली की बीएमसी आपल्या वेगळ्या पोर्टात वायर आहे का बघतो. नसेल तर गुपचूप लॅन-१ वर जाऊन बसतो, म्हणजे तुमची वेबसाइट ज्या वायरवरून चालते त्याच वायरवर.

काही वर्षांपूर्वी मी एका कारखान्याचं काम बघायचे. तिथे मी ती वायर काढली, वहीत ‘आयपीएमआय बंद’ असं लिहिलं आणि घरी गेले. दोन-तीन आठवडे खरंच बंद होतं. मग एका गुरुवारी, आपल्याकडे गुरुवार म्हणजे दुरुस्तीसाठी वीज जायचा वार, यूपीएसही संपला आणि सर्व्हर पूर्ण मेला. संध्याकाळी वीज आली, बीएमसी उठला, त्याला वायर दिसली नाही आणि तो ऑफिसच्या नेटवर्कवर डीएचसीपीकडून, म्हणजे आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, पत्ता घेऊन बसला. त्या नेटवर्कवर प्रशिक्षणार्थी मुलांचे लॅपटॉपही असायचे. मला कळलं ते चार महिन्यांनी, पत्त्यांची यादी चाळताना एक अनोळखी मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाची ओळख) दिसला तेव्हा. चूक सर्वस्वी माझी. सेटिंग न बघता वायरवर भरवसा ठेवला. म्हणून बीएमसीच्या वेब पानावर नेटवर्कच्या रकान्यात जा, लॅन इंटरफेस ‘डेडिकेट’ वर ठेवा, आणि मग मशीन एकदा वायर ओढून पूर्ण बंद करून पुन्हा लावून खात्री करा. नुसत्या रीबूटने बीएमसीची वीज जात नाही, त्यामुळे परीक्षा होत नाही.

वेगळ्या पोर्टाची वायर मग वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे स्विचमध्येच वेगळ्या काढलेल्या नेटवर्कमध्ये, न्या, जिथून इंटरनेटला वाटच नाही. तुम्हाला घरून पोचायचं तर मधे एक छोटं मशीन ठेवा, त्यावर वायरगार्ड हे व्हीपीएन. वायरगार्ड मला आवडतं कारण ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला ते उत्तरच देत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. आणि एक कटकट आत्ताच सांगून ठेवते: एक्स-९ च्या रिमोट स्क्रीनला जुनी जावा लागते. ती आपल्या रोजच्या लॅपटॉपवर घालू नका. त्याच मधल्या मशिनवर एक व्हर्च्युअल मशीन करून त्यात जुनी जावा कोंडून ठेवा.

झालं की बाहेरून तपासा. ऑफिसच्या वायफायवरून नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून. टीसीपी आणि यूडीपी हे नेटवर्कवर माहिती पाठवायचे दोन वेगळे प्रकार; टीसीपी ४९१५२ बघा, यूडीपी ६२३ बघा, आणि रिमोट स्क्रीनचा ५९०० पण बघा. ६२३ टीसीपी नव्हे, यूडीपी आहे. साधं स्कॅन तो बघतच नाही आणि माणूस निश्चिंत होतो. हे सगळं अर्थात स्वतःच्या पत्त्यांवर. शेजारच्या रॅकमध्ये डोकावायचा मोह झाला तर आयटी कायद्याची आठवण ठेवा.

जुना माल घेतलाय म्हणून आणखी एक. डिस्क पुसून विकतात, बीएमसी कुणी पुसत नाही. आधीच्या मालकाची खाती त्यात तशीच असू शकतात. आयपीएमआयटूल या बीएमसीला आदेश द्यायच्या प्रोग्रामने वापरकर्त्यांची यादी काढा. अनोळखी नाव दिसलं तर नुसतं ते उडवू नका, सरळ कारखाना-रीसेट करा आणि मग फर्मवेअर चढवा. त्याच टूलने लॅनची माहिती छापली की ‘सायफर सूट प्रिव्ह मॅक्स’ अशी एक ओळ दिसेल, पुढे पंधरा अक्षरं. त्यातलं पहिलं अक्षर ‘एक्स’ हवं. सायफर सूट म्हणजे बीएमसीशी बोलताना ओळख कशी पटवायची याच्या क्रमांक दिलेल्या पद्धती; ते पहिलं स्थान सायफर शून्याचं, आणि सायफर शून्य चालू असेल तर नाव बरोबर सांगितल्यावर पासवर्ड कोणताही चालतो. कोणताही म्हणजे अक्षरशः कोणताही.

आता कुणी आत येऊन गेलं का? बीएमसीच्या इव्हेंट लॉगकडून फार आशा ठेवू नका, त्यात बहुतेक पंखे, तापमान आणि वीज यांच्याच नोंदी असतात. ऑपरेटिंग सिस्टमकडे बघा. तुम्ही न केलेले रीबूट आहेत का? कर्नलच्या नोंदींत एटेन नावाचा व्हर्च्युअल सीडीरॉम जोडल्याचं दिसतं का, आणि त्या वेळी तुम्ही काही जोडलं होतं का? रूटच्या एसएसएच किल्ल्यांमध्ये भर पडलीय का? यातलं काही सापडलं तर मी ते मशीन दुरुस्त करत बसणार नाही, ऑपरेटिंग सिस्टम नव्याने टाकेन. बीएमसीबद्दलही संशय ठेवा. डिसेंबर २०२१ मध्ये आयएलओमध्ये, म्हणजे एचपीच्या बीएमसीत, राहणारा एक रूटकिट (लपून बसणारा घातक प्रोग्राम) उघडकीला आला, आयएलओब्लीड. तो फर्मवेअर बदलू द्यायचा नाही आणि वर ‘बदललं’ असं दाखवायचा. तुमच्या चार मशिनवर असं काही असेल असं मला वाटत नाही. पण फर्मवेअर चढवल्यावर पानाची ठेवण आणि आवृत्ती दोन्ही खरंच बदललीत का, आणि ४९१५२ खरंच गप्प झालाय का, हे डोळ्यांनी बघा.

घुसखोरीचा पुरावा मिळाला तर सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, कळवावं लागतं. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लक्षात आल्यापासून सहा तासांत. तो नियम मोठ्या कंपन्यांपुरता आहे असा समज दिसतो, तसं नाही. सगळी माहिती हाती येईपर्यंत थांबू नका. जेवढं कळलंय तेवढं आधी कळवा. लॉग १८० दिवस ठेवायचे हेही त्याच निर्देशांत आहे, त्यामुळे साफसफाईच्या उत्साहात जुने लॉग उडवू नका.

चारही मशिनना एकच पासवर्ड? नाही. एका बीएमसीतून पासवर्ड सरळ वाचता येतो हे आत्ताच पाहिलं, मग एक गेला की चारही गेले. आणि तुम्ही जे तीन पासवर्ड आजवर लावलेत ते आणखी कुठे वापरलेत ते आठवा: लिनक्सचा रूट, डेटाबेस, बॅकअप, डेटा सेंटरचं पोर्टल. तिथले सगळे बदला. ही यादी करायला एक संध्याकाळ लागेल आणि कंटाळवाणी जाईल, पण खरं नुकसान सहसा तिथूनच होतं. लक्षात ठेवायचा आग्रहही सोडा. कीपासएक्ससीसारखी तिजोरी घ्या आणि तिच्याकडून पासवर्ड बनवून घ्या. माणसाने बनवला की त्यात आजोळ येतंच.

राहिली लांबी. वीस अक्षरं. आयपीएमआय २.० त्याच्यापुढे घेतच नाही. आयपीएमआयटूलने लावत असाल तर आदेशाच्या शेवटी २० हा आकडा द्यायला विसरू नका, नाहीतर ते सोळाच अक्षरांचा हिशेब धरतं. पण हे चारही मशिनचं फर्मवेअर झाल्यावर. त्याआधी लावलात तर चौथा पासवर्डही त्याच फाइलीत जाऊन बसेल.